फवारणी पंपाची बॅटरी आणि स्वस्त टेस्टर : क्षमता मोजताना घ्यायची काळजी

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे, त्यांच्याकडे आज बॅटरीवर चालणारा फवारणी पंप असतोच, आणि एक-दोन हंगाम उलटले की "पंप तीन टाक्या मारतो आणि बसतो" ही तक्रारही असते. दोष बॅटरीचा, चार्जरचा की मोटारीचा, हे ठरवण्यासाठी बॅटरीत प्रत्यक्ष किती वीज मावते ते मोजावे लागते. मल्टिमीटरने व्होल्टेज तपासून ते समजत नाही, कारण म्हातारी झालेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्यावर १२.८ व्होल्ट दाखवते आणि भार पडताच खाली बसते. क्षमता मोजण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी ठरावीक भारावर, ठरावीक व्होल्टेजपर्यंत रिकामी करून तिच्यातून किती अँपिअर-तास (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास) बाहेर आले ते मोजणे. हे काम करणारे छोटे उपकरण आता ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. (बेळगावच्या दुकानात नुसता "टेस्टर" मागितला तर दिव्याचा स्क्रू-ड्रायव्हर हातात येतो, म्हणून "बॅटरी कपॅसिटी टेस्टर" असे पूर्ण नाव घ्यावे.)

या उपकरणांतील सर्वांत प्रचलित नमुना झेडबी२एल३ या नावाने विकला जातो. त्याच्या लहानशा पट्टीवर आकड्यांचा पडदा, तीन-चार बटणे, बॅटरीसाठी दोन आणि भारासाठी दोन जोडण्या असतात, आणि त्याला स्वतःला चालण्यासाठी मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट द्यावे लागतात. त्यातून जास्तीत जास्त ३ अँपिअर प्रवाह चालतो आणि बॅटरीचे व्होल्टेज १५ च्या वर गेले तर ते काम नाकारते. सोबत पांढऱ्या चिनी मातीच्या आवरणातील ७.५ ओहमचे, ५ वॅटचे दोन रोधक (रेझिस्टर) भार म्हणून मिळतात. खरा धोका या दोन रोधकांतच दडलेला आहे, म्हणून बाकीच्या गोष्टींच्या आधी त्यांच्याविषयी.

रोधकाचा हिशेब

हे रोधक एका लिथियम सेलचा विचार करून दिलेले असतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. ४.२ ला ७.५ ने भागले की ०.५६ अँपिअर प्रवाह येतो आणि रोधकात सुमारे २.३५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. रोधक चांगलाच तापतो, बोट टेकवत नाही, पण टिकतो.

आता हाच एक रोधक ठेवून कोणी १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर काय होते ते पाहू. १२.६ व्होल्टला प्रवाह १.६८ अँपिअर होतो. उपकरणाची मर्यादा ३ अँपिअर असल्यामुळे त्याला यात काहीच वावगे दिसत नाही, पडद्यावर कोणतीही चूक उमटत नाही आणि मोजणी निमूटपणे सुरू होते. रोधकात मात्र २१ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या चौपट. काही मिनिटांत तो इतका तापतो की खाली लाकूड, प्लास्टिक किंवा वर्तमानपत्र असेल तर ते काळे पडू लागते, आणि मोजणी तर पुढे कित्येक तास चालायची असते. दोन्ही रोधक समांतर जोडले तर प्रवाह ३.३ अँपिअरच्या वर जाऊन उपकरण 'एरर ४' दाखवते व थांबते, म्हणजे अधिक मोठ्या चुकीपासून ते वाचवते आणि लहान चुकीकडे डोळेझाक करते. दोन्ही एकापुढे एक जोडून १५ ओहम केले तरी प्रत्येकावर ५.३ वॅट येतात. मर्यादा थोडक्यात ओलांडली जाते आणि तासन्‌तास चालणाऱ्या कामात ती मुळीच ओलांडू नये.

आपल्या भागात मोजायच्या बहुतेक बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्याने सोबतचे रोधक त्यांच्यासाठी बाजूला ठेवावेत आणि १० ओहम, ५० वॅटचा, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचाचा रोधक वेगळा घ्यावा. त्यात १२.६ व्होल्टला १.२६ अँपिअर प्रवाह आणि सुमारे १६ वॅट उष्णता होते. ५० वॅट हा आकडा तो रोधक धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असतानाचा आहे, नुसता हवेत लटकणाऱ्याचा नव्हे; म्हणून जुन्या अँप्लिफायरमधील हीट सिंक किंवा वीतभर लांबीची जाड ॲल्युमिनियमची पट्टी शोधून, मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावून, त्यावर तो स्क्रूने आवळावा. मोटारसायकलचा बल्ब भार म्हणून वापरावा असे काही जण सुचवतात. बल्बची तार थंड असताना तिचा रोध फारच कमी असतो आणि सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचला जातो, त्यामुळे हे छोटे उपकरण कधी थांबते, कधी त्याचा आतला स्विच कायमचा जातो. मी बल्ब वापरत नाही.

जागा आणि विजेची सोय

मोजणी शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर करावी. आसपास हातभर अंतरात कागद, कापड, गवत, रॉकेल वा फवारणीचे औषध नसावे. ज्या खोलीत कोणी झोपते तिथे, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दाराच्या वाटेवर ही मांडणी करू नये. सोप्यातली किंवा परसाकडच्या पडवीतली कोरडी, हवेशीर जागा उत्तम. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात मात्र उघडी पडवी चालत नाही. हवेतल्या ओलीने जोडण्यांवर हिरवट गंज धरतो आणि मग मोजणीचे आकडे दरवेळी वेगळे येऊ लागतात.

पावसाळ्यातली दुसरी अडचण लाईट जाण्याची. उपकरणाला ५ व्होल्ट चार्जरमधून मिळत असतात. हेस्कॉमची वीज गेली की ते बंद पडते आणि तोवर मोजलेले अँपिअर-तास पुसले जातात. वीज आल्यावर पुढे चालू करून भागत नाही, बॅटरी पुन्हा पूर्ण भरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यावर पॉवर बँक हा उपाय चटकन सुचतो, परंतु हे उपकरण इतका थोडा प्रवाह घेते की अनेक पॉवर बँका "काही जोडलेलेच नाही" असे समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर चार्जर लावावा. जी बॅटरी मोजायची आहे तिच्यातूनच उपकरणाला वीज देण्याची युक्ती करू नये, तसेच लॅपटॉपच्या यूएसबीतून देऊ नये. बॅटरीची ऋण बाजू आणि यूएसबीची ऋण बाजू आतून एकमेकींशी जोडलेल्या असू शकतात, आणि एखादी तार चुकली तर नुकसान लॅपटॉपपर्यंत पोहोचते. साधा, स्वतंत्र चार्जर पुरेसा आहे.

जोडण्यापूर्वी बॅटरीची पाहणी

फुगलेली, चिरलेली, ओलसर झालेली किंवा न वापरताही कोमट लागणारी बॅटरी मोजायला घेऊच नये. तिची क्षमता कितीही भरली तरी ती वापरायची नसते, मग मोजून उपयोग काय.

लिथियम सेलच्या बाबतीत व्होल्टेज आधी पाहावे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो पुन्हा भरू नये; इतक्या खाली राहिलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. सेलवरचे रंगीत प्लास्टिक फाटले असेल तर आधी नवे चढवावे, कारण त्या सेलचे संपूर्ण कवच ऋण ध्रुव असते आणि धन टोकाच्या अगदी काठापर्यंत येते.

१२ व्होल्टच्या बंद शिसे-आम्ल बॅटरीत वेगळे भय आहे. तिच्या दोन टोकांवर पान्हा वा बांगडी पडली तर शेकडो अँपिअर प्रवाह एका क्षणात वाहू शकतो आणि धातू लाल होतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच, तारेच्या सुरुवातीला, ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे पात्याचा फ्यूज आणि त्याचे तारेसह घर सहज मिळते. चार्जिंगच्या वेळी या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तेव्हा नुकत्याच भरलेल्या बॅटरीजवळ काडी पेटवू नये.

जोडणी आणि मोजणी

बॅटरी तिच्याच चार्जरने पूर्ण भरावी व लगेच न जोडता विसावू द्यावी. लिथियम सेलला तासभर पुरतो, शिसे-आम्ल बॅटरीला तीन-चार तास द्यावेत. त्यानंतर प्रथम रोधक जोडावा, मग मल्टिमीटरने धन-ऋण तपासून बॅटरी जोडावी आणि शेवटी ५ व्होल्टचा चार्जर लावावा. तारेच्या रंगावर विसंबू नये. दुरुस्तीच्या हातांतून गेलेल्या पंपांत लाल तार ऋणाला जोडलेली मी पाहिली आहे.

पडद्यावर बॅटरीचे व्होल्टेज दिसते. ते मल्टिमीटरच्या आकड्याशी ताडून पाहावे, आणि मोजणी सुरू झाल्यावर पुन्हा एकदा, मल्टिमीटरची टोके थेट बॅटरीच्या ध्रुवांवर टेकवून, पाहावे. भाराखाली दोन्ही आकड्यांत फरक पडत असेल तर तो तारांत आणि जोडण्यांत हरवणारा व्होल्टेज असतो. स्प्रिंग असलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या सेल-होल्डरमध्ये दशांश ओहम रोध सहज असतो. १ अँपिअर प्रवाहाला तिथेच ०.१ व्होल्ट जातो, उपकरणाला सेल लवकर संपल्यासारखा वाटतो आणि चांगल्या सेलवर उगाच "कमी क्षमतेचा" असा शिक्का बसतो. तारा जाड आणि आखूड ठेवाव्यात. सेलच्या टोकाला चुंबक चिकटवून तार जोडण्याची पद्धत टाळावी, कारण चुंबक घसरून कवचावर गेला की शॉर्ट.

यानंतर थांबण्याचे व्होल्टेज ठरवायचे असते. ते आपण ठरवले नाही तर उपकरण बॅटरीचे व्होल्टेज पाहून स्वतः अंदाज बांधते, आणि अर्धवट भरलेल्या किंवा अनोळखी बॅटरीच्या बाबतीत हा अंदाज चुकू शकतो. म्हणून अधिक-वजा बटणांनी आकडा स्वतःच लावावा. साध्या लिथियम-आयन सेलला ३.० व्होल्ट योग्य. कंपन्या काही सेलसाठी २.५ पर्यंत परवानगी देतात, पण ३.० च्या खाली उरलेली वीज इतकी थोडी असते की तिच्यासाठी सेल ताणण्यात अर्थ नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलला २.५ आणि निकेल-मेटल-हायड्राइडच्या पेन्सिल सेलला ०.९ ते १.० व्होल्ट लावावे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी १०.५, कारण तिच्यात सहा घरे असतात आणि प्रत्येक घर १.७५ व्होल्टच्या खाली नेऊ नये. नव्या पंपांतील तीन सेलच्या लिथियम पॅकला ९.० ते ९.६ ठेवावे. त्या पॅकमध्ये संरक्षक पट्टी असते आणि एखादा सेल कमजोर असेल तर ती आधीच वीज तोडते. तशी ती तोडली तर त्याचा अर्थ पॅकमधील सेल एकसारखे राहिलेले नाहीत असा घ्यावा, आणि कोणत्याही परिस्थितीत ती पट्टी वळसा घालून निकामी करू नये.

ओके दाबल्यावर पडद्यावर अँपिअर-तास, प्रवाह आणि व्होल्टेज आळीपाळीने दिसू लागतात. पहिली पंधरा मिनिटे तिथेच बसावे. बॅटरीला हात लावून पाहावा; ती किंचित कोमट होणे ठीक, गरम होणे ठीक नाही. 'एरर २' म्हणजे बॅटरी ठरवलेल्या व्होल्टेजच्या आधीच खाली आहे, 'एरर ३' म्हणजे बॅटरीला भार पेलत नाही किंवा तारांचा रोध फार आहे. पुढे दर अर्ध्या तासाने नजर टाकावी. रात्री चालू ठेवून झोपू नये आणि "सकाळी शेताकडे जाऊन येईपर्यंत होईल" असेही करू नये. ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीला १० ओहमवर पाच-सहा तास लागतात, म्हणून न्याहारी आटोपून काम सुरू केले तर दिवस मावळण्यापूर्वी ते संपते. शेवटी पडदा लुकलुकू लागला की आकडा लिहून घ्यावा आणि तारा ताबडतोब सोडवाव्यात. जोडून ठेवलेली बॅटरी उपकरणाच्या आतून थेंबथेंब रिकामी होत राहते.

शिसे-आम्ल बॅटरी त्याच दिवशी परत चार्जिंगला लावावी. रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण कण धरतात आणि आपणच मोजण्याच्या नादात तिचे आयुष्य कमी केलेले असते.

आकडा कसा वाचावा

बॅटरीवर ८ अँपिअर-तास लिहिले असेल तर तो आकडा बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे ०.४ अँपिअरने, रिकामी केल्यावरचा असतो. आपण १.२ अँपिअरने रिकामी करतो. शिसे-आम्ल बॅटरी जितकी घाईने रिकामी करावी तितकी ती कमी देते, त्यामुळे नव्या चांगल्या बॅटरीकडूनसुद्धा या पद्धतीत साडेसहा ते सातची अपेक्षा ठेवावी आणि "दुकानदाराने फसवले" अशी घाई करू नये. पाचच्या आसपास आली तर वापरात मुरलेली, पण चालणारी. चारच्या खाली गेली की फवारणीसाठी ती बदलावी हे माझे मत. तीच बॅटरी गोठ्यातल्या एका एलईडी दिव्याला आणखी वर्षभर पुरू शकते. आणि ती साडेसहा देत असूनही पंप बसत असेल, तर दोष मोटारीत, गाळणीत साचलेल्या गाळात किंवा स्विचमध्ये शोधावा.

१८६५० या नावाचे लिथियम सेल, ज्यांचा व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर असते, त्यांच्या बाबतीत लिथियम रसायन प्रवाहाच्या वेगाने फारसे बिथरत नाही, म्हणून आकडा बराच विश्वासार्ह येतो. चांगल्या कंपन्यांचे सेल साधारणपणे २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तासांचे असतात. मी एकदा टॉर्चसाठी ९८०० छापलेले दोन सेल आणले होते; एकाने १,१४० आणि दुसऱ्याने ९०० च्या आत आटोपते घेतले. त्या आकाराच्या नळीत ९८०० मावतच नाहीत, हे ठाऊक असते तर टेस्टरचीही गरज नव्हती. पॉवर बँकेचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो आणि आपण बाहेर ५ व्होल्टला मोजतो, त्यामुळे १०००० च्या पॉवर बँकेतून सहा-साडेसहा हजार मिळाले तर ती प्रामाणिक आहे.

हे उपकरण इलेक्ट्रिक स्कूटरच्या ४८, ६० वा ७२ व्होल्टच्या पॅकला कधीही जोडू नये. तिथे प्रश्न आकड्याचा नसून उपकरण फुटण्याचा आणि आपल्याला झटका बसण्याचा आहे. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची बॅटरीही यावर मोजण्यासारखी नाही, १.२ अँपिअरने ती रिकामी व्हायला पाच दिवस लागतील. तिचे पाणी आणि हायड्रोमीटरवरची घनता पाहिली तरी बरेच कळते.

बिघडलेच तर

लिथियम सेलमधून सुस्कारा, गोडसर रसायनाचा वास किंवा धूर आला तर वाकून पाहू नये. तो धूर विषारी असतो. मुलांना व वडीलधाऱ्यांना बाहेर काढावे, चार्जरची वीज मुख्य स्विचवरून बंद करावी, आणि सेल लहान असून अजून पेटलेला नसेल तर लांब चिमट्याने उचलून अंगणातल्या वाळूच्या घमेल्यात टाकावा. घमेले आधीच भरून ठेवलेले असावे. पेट घेतलाच तर घरची वीज तोडल्यानंतर दुरून भरपूर पाणी मारावे, कारण शेजारचे सेल थंड ठेवणे हेच काम असते, आणि आग वाढली तर ११२ वर कळवावे. बॅटरीतील आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरांकडे जावे. फरशीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा.

बाद ठरलेल्या बॅटऱ्यांचा प्रश्न उरतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाहीत आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिसे-आम्ल बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्यावी, तिचे पैसेही वळते होतात. आम्ल गटारात ओतून शिसे वितळवणाऱ्याला ती विकू नये. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या बरणीत, घराबाहेरच्या बाजूला साठवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावेत. ज्या बॅटऱ्या टिकल्या त्यांच्यावर मोजणीची तारीख, भाराचा रोध, थांबण्याचे व्होल्टेज आणि मिळालेले अँपिअर-तास कागदी पट्टीवर लिहून चिकटवावेत. पुढच्या हंगामात याच रोधकावर आणि याच व्होल्टेजपर्यंत मोजल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.